सावळ्या अंगावर लाली दिसतच नाही, मग पाहायचं काय? (कातडी, केस, नखं – नर्सिंगवाले आणि घरी पेशंट असलेले, दोघांसाठी)

वर्धेकडची_सिस्टर | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, १९ वर्षं झाली. आमच्याकडे नर्सिंगच्या पोरी पोस्टिंगला येतात. परवा एकीला म्हटलं मेल वॉर्डातल्या ८ पेशंटची कातडी, केस, नखं पाहून लिहून आण. वीस मिनिटांत परत आली, आठही कागदांवर एकच ओळ, ‘त्वचा नॉर्मल, केस स्वच्छ, नखं कापलेली’. मी विचारलं कोणाची चादर काढून पाहिली का, तर मान खाली.

मी तिला रागावली नाही, कारण मला माझं तिसरं वर्ष आठवलं. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. खुब्याचं हाड मोडलेले एक आजोबा होते, पायाला वजन लावलेलं, रंग आपल्या कपाशीच्या जमिनीसारखा काळाभोर. चार दिवस फाईलमधे ‘स्किन इंटॅक्ट’ लिहून होतं आणि त्यातल्या दोन ड्युट्या माझ्या होत्या. पाचव्या दिवशी वास आला. माकडहाडावर वाटीएवढी कातडी मरून गेली होती, बेडसोर, म्हणजे पडून पडून दाबानं होणारी जखम. मी पाहिलंच नव्हतं असं नाही हो, मी पाठ पाहिली होती. पण पुस्तकात होतं की लाल चट्टा दिसेल आणि बोटानं दाबल्यावर पांढरा होणार नाही, म्हणून मी लाल शोधत राहिली, आणि त्या अंगावर लाल कधी येणारच नव्हतं. पुस्तकातला फोटो गोऱ्या माणसाचा. आजोबा आपले हिंगणघाटकडचे शेतकरी.

तेव्हा मी काय करायला पाहिजे होतं ते आता सांगते. हाताची मागची बाजू त्या जागेवर टेकवायची आणि मग चार बोटं बाजूला टेकवायची, गरम लागते का गार लागते. मग बोटांनी चाचपायचं, बाजूच्यापेक्षा कडक आहे का पिकल्या टमाट्यासारखं लिबलिबीत. रंग लाल नसेल तर जांभळट किंवा बाजूच्यापेक्षा एक छटा जास्त काळा आहे का. आणि पेशंटला विचारायचं, इथं दुखते का, आग होते का. एवढं केलं असतं तर दुसऱ्याच दिवशी कळलं असतं.

म्हणून हा धागा. आपल्याकडच्या अंगावर कसं पाहायचं, ज्याला जे माहीत आहे ते लिहा. घरी म्हातारं माणूस सांभाळणाऱ्यांनीही विचारा.

---

जीएनएम_थर्डइयर | सोमवार, रात्री १०.१५

मॅडम ती मुलगी मी नाही पण मीही असंच लिहिते, खरं सांगते. आम्हाला शिकवलं की फिकटपणा, कावीळ, निळेपणा, लाली असे चार रंग पाहायचे. पण पेशंट सावळा असला की मला चारीपैकी काहीच ओळखू येत नाही आणि परीक्षेत एक्स्टर्नल विचारतील अशी भीती वाटते.

---

वर्धेकडची_सिस्टर | सोमवार, रात्री १०.५०

परीक्षेचं सोड बाई, पेशंटचं पाहू.

उजेड आधी. ट्यूबलाईटखाली आणि मोबाईलच्या टॉर्चमधे रंग खोटा दिसतो, खिडकीजवळचा दिवसाचा उजेड सगळ्यात चांगला, आणि रात्रपाळीत पाहिलं असेल तर सकाळी परत पाहा. दुसरं, लावलेलं पुसून घे. नवरीची हळद, गालावरची पावडर, डोक्याचं तेल, पायाचा आलता, मेंदी, हे सगळं खालचा रंग झाकते. एकदा लग्नघरातून ताप घेऊन आलेल्या पोरीला हळदीमुळे कावीळ समजले होते आणि दुसऱ्या एकीची खरी कावीळ हळद समजून सुटली. दोन्ही ठिकाणी डोळा पाहिला असता तर संपलं असतं.

फिकटपणा: सावळं माणूस ‘पांढरं’ पडत नाही, राखेसारखं दिसते, अंगाची चमक जाते. गव्हाळ माणूस पिवळट दिसते. म्हणून चेहरा सोडून द्यायचा आणि जिथं रंगद्रव्य कमी तिथं जायचं – डोळ्याची खालची पापणी ओढून आत, जीभ, तळहात, नखाखालचं मांस. तळहाताच्या रेषासुद्धा फिक्या पडल्या असतील तर एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) फारच कमी समज आणि लगेच तपासायला पाठव. गरोदर बाई असेल आणि एचबी ७ च्या खाली आलं तर तो गंभीर ॲनिमिया, तिला लोहाच्या गोळ्या देऊन घरी नाही पाठवायचं.

कावीळ: डोळ्याचा पांढरा भाग पाहतोच आपण, पण उन्हातान्हात राबणाऱ्या बऱ्याच लोकांच्या डोळ्यांच्या कडा तशाही मळकट पिवळ्या असतात. मग बुबुळाला लागून असलेला भाग पाहायचा, आणि तोंड उघडायला लावून टाळू पाहायचा. टाळू पिवळा तर शंका नको. आणि पपई-गाजर फार खाऊन तळहात पिवळे झाले तर डोळे पांढरेच राहतात, हा फरक लक्षात ठेव.

निळेपणा: बोटं निळी थंडीनंही पडतात. जीभ आणि ओठाची आतली बाजू निळी झाली तर ते मोठं. आणि एक गोष्ट आपल्याकडे फार कामाची आहे, रक्त खूपच कमी असलेला माणूस निळा पडतच नाही. निळेपणा दिसायला रक्तात साधारण ५ ग्रॅम हिमोग्लोबिन बिनऑक्सिजनचं असावं लागते, आणि ज्याच्याजवळ एकूणच ५-६ ग्रॅम आहे त्याच्याजवळ ते कुठून येईल? म्हणून रक्त कमी असलेल्या पेशंटचा श्वास मोजायचा, रंगाची वाट पाहायची नाही.

बोटाला लावायच्या मशीनवरही पूर्ण भिस्त नको. २०२० मधे अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, काळ्या रंगाच्या पेशंटमधे ते मशीन ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवण्याची चूक गोऱ्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट वेळा करत होतं. काळी मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर दुसरं बोट नाहीतर कानाची पाळी घ्यायची.

---

आशाताई_मेळघाट | मंगळवार, सकाळी ६.२०

ताई लय चांगलं लिहिलं. मी आशा आहो, धारणीकडे. आमाले ट्रेनिंगमधे लेकराचा तळहात आपल्या तळहातासोबत ठेवून पाहाले शिकवलं, ते मी रोज करतो. तळव्यावर तळवा ठेवून नाही, दोन्ही तळवे वर करून, बाजूबाजूनं. कधी कधी माह्याच तळहात फिका असते मंग बाजूच्या बाईचा घेतो.

केसाचं सांगतो. लेकराचे केस भुरे, विरळ, झाडूसारखे उभे आणि ओढले का हातात येऊन राहिले, आन दोन्ही पायावर सूज, आंगठ्यानं दाबलं का खड्डा पडते, तर ते लेकरू जाडं नाही झालं, ते कुपोषित हाये. माय मनते बाळसं धरलं. तिले वाईट वाटू न देता सांगा लागते. एका पोरीच्या केसाले एक पट्टा काळा, एक भुरा, परत काळा होता. आमच्या डॉक्टरसाहेबानं सांगितलं का जवा खायाले भेटलं तवाचा काळा, जवा नाही भेटलं तवाचा भुरा.

आन कपडे काढून पाहा. कधी कधी लेकराच्या पोटावर चटक्याचे डाग असते, पोट फुगलं म्हणून घरी चटके देले असते. ते पाहून आरडाओरड केली का दुसऱ्या वक्ताले ते लेकरू दाखवतच नाही. मी गुपचूप नर्सबाईले सांगतो, मलम लावतो, मंग हळूहळू आजीसोबत बोलतो.

---

वर्धेकडची_सिस्टर | मंगळवार, सकाळी ७.०५

आशाताई, केसाचा पट्टा पाहणं हे बऱ्याच डिग्रीवाल्यांकडूनही राहून जाते. तुमची शेवटची गोष्ट मी पोस्टिंगच्या पोरींना वाचून दाखवणार, परवानगी आहे असं समजते.

लेकरांचं आणखी एक. जुलाबाच्या लेकराच्या पोटाची कातडी, बेंबी आणि पोटाची कड यांच्या मधली, चिमटीत धरून सोडायची. परत जागेवर जायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पाणी फारच कमी झालं, सलाईनची वेळ. म्हाताऱ्यांच्या बाबतीत हाच चिमटा हाताच्या मागं काढू नका, तिथली कातडी तशीही उभीच राहते, छातीच्या हाडावर किंवा हसळीच्या (गळ्याजवळच्या आडव्या हाडाच्या) खाली काढा.

---

धुऱ्यावरचा | मंगळवार, दुपारी २.३०

मी नर्सिंगमधला नाही, शेतकरी आहे, यवतमाळ जिल्हा. २०१७ च्या फवारणीच्या सीझनमधे आमच्या जिल्ह्यात २० च्या वर माणसं गेली हे सगळ्यांना माहीत आहे. माझा चुलतभाऊ त्या वर्षी वाचला पण आठ दिवस भरती होता. कपाशी डोक्याएवढी झाली होती, फवारा वरून अंगावर येत होता, शर्ट पूर्ण ओला. दवाखान्यात नेल्यावर सलाईन लागलं, इंजेक्शन दिलं, पण त्याच ओल्या कपड्यात तो चार-पाच तास पडून होता. वहिनी म्हणे कपडे बदलू का, तर नंतर पाहू म्हणाले. कोणता दवाखाना ते लिहीत नाही, गर्दी तेव्हा सगळीकडेच होती. आज तुमचं वाचलं तेव्हा वाटलं की विचारावं, कातडीतून खरंच जाते का विष एवढं?

---

वर्धेकडची_सिस्टर | मंगळवार, संध्याकाळी ७.१५

दादा, जाते. फवारणीच्या विषबाधेत बऱ्याच वेळा मुख्य रस्ता कातडीचाच असतो, त्यात घाम आलेला, उन्हानं तापलेलं अंग, हातापायाला काटेकुटे लागून ओरखडे, मग तर आणखीच. कपडे अंगावर राहिले म्हणजे एकीकडे औषध देऊन राहिलो आणि दुसरीकडे विष आत जाऊन राहिलं असं होते. तुमच्या वहिनी बरोबर होत्या.

आमच्याकडे आता पेशंट आला की श्वास आणि नाडी पाहत पाहतच कपडे काढतो, कात्रीनं कापले तरी चालते, ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाजूला. मग साबण-पाण्यानं पूर्ण अंग, आणि तीन जागा कधीच विसरायच्या नाहीत – डोक्याचे केस, कानाची मागची बाजू आणि नखांच्या खाली. केसांत औषध बसून राहते, दोनदा तीनदा धुवा लागते. बेंबी, बगल, जांघ. घासायचं नाही जोरात, सोललेल्या कातडीतून जास्त जाते. धुणाऱ्यानं हातमोजे घालायचे. आणि हे सगळं करता करता अंग पाहायचं – घामानं थबथब आहे का, लाळ गळते का, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी झाली का, मांस फडफडते का. डॉक्टर यायच्या आधी एवढं सांगता आलं तर त्यांचा वेळ वाचतो.

गावात तर दवाखान्यात न्यायच्या आधीच, वावरातच विहिरीवर कपडे काढून साबण लावून धुवा. ट्रॅक्टर येईपर्यंत हेच करायचं.

---

मुक्कामी_डॉक्टर | मंगळवार, रात्री ११.००

धागा आवडला. मी पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) आहे. माझी भर एकाच गोष्टीची.

पावसाळ्याच्या शेवटी, ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत, ४-५ दिवसांचा ताप, डोकं फुटतंय, मलेरिया निगेटिव्ह, डेंगी निगेटिव्ह असा पेशंट आला की पूर्ण अंग शोधायचं. काय शोधायचं? विडीचा चटका बसल्यासारखी एक काळी खपली, भोवती लालसर किंवा सावळ्या अंगावर गडद कडा. दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे पेशंटला स्वतःला माहीतही नसते. हा स्क्रब टायफस. गवता-झुडपातल्या बारीक किड्याची अळी चावते तिथं ही खपली पडते. २०१८ मध्ये नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत मोठी साथ आली होती तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

ही खपली नेमकी झाकलेल्या जागी असते. बगल, जांघ, कमरेला नाडी किंवा करदोडा बांधतो तिथं, बायकांच्या छातीखाली, कानामागं, नितंबाच्या घडीत. प्रत्येकाला असतेच असं नाही, नाही मिळाली म्हणून आजार नाही असं समजायचं नाही. पण मिळाली तर निदान तिथंच जवळजवळ झालं. औषध डॉक्सिसायक्लिन, स्वस्त, पीएचसीत असतं, आणि वेळेवर दिलं तर दोन दिवसांत ताप उतरतो. उशीर झाला तर फुप्फुस, किडनी, मेंदू.

मागच्या सीझनला माझ्याकडची अशी खपली आमच्या सिस्टरनी शोधली. मी त्या बाईंना तपासलं होतं, पण साडीवरून. सिस्टरनी पडदा लावून स्पंजिंग करताना छातीखाली पाहिली आणि धावत आल्या. पेशंट चालत घरी गेली, ते श्रेय सिस्टरचं.

उष्माघाताबद्दल पण एक. अंग कोरडं असेल तरच उष्माघात, हा समज सोडा. वावरात राबणारा माणूस घामानं भिजलेला असूनही उष्माघातात असू शकतो. अंग तापलेलं आणि माणूस बरळतोय, एवढं पुरे, थंड करायला लागा.

---

सीनियर_स्टाफ | बुधवार, सकाळी ८.१०

सगळं पटते. पण एक खरं बोलू का, एका ड्युटीला दोन सिस्टर आणि ४० पेशंट असताना कोणाकोणाची जांघ आणि बगल पाहायची? त्यात बायका अंगाला हात लावू देत नाहीत, सोबत सासू उभी असते, पडदा आहे तर त्याच्या कड्या तुटलेल्या. मी २६ वर्षं काढली, आळशी नव्हती मी. पण पुस्तकात ‘डोक्यापासून पायापर्यंत’ लिहिणाऱ्यानं आपला वॉर्ड पाहिला नाही.

---

वर्धेकडची_सिस्टर | बुधवार, सकाळी ११.४५

ताई तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि मनुष्यबळ वाढलंच पाहिजे, ते मागणं आपण सोडायचं नाही. पण मी वेगळा वेळ काढायचं बंद केलं. जे काम तसंही करतो त्यातच पाहते. बीपीचा पट्टा बांधताना कोपर आणि दंड, इंजेक्शन देताना कंबर, बेडपॅन देताना माकडहाड, चादर बदलताना टाचा, सलाईन लावताना नखं. नखं दाबून सोडायची, गुलाबी रंग दोन-तीन सेकंदांत परत आला पाहिजे, त्यापेक्षा उशीर म्हणजे रक्त पोहोचून नाही राहिलं. त्याला वेगळा मिनिटही लागत नाही.

चाळीसही पेशंट सारखे नसतात. जो स्वतः उठून चहा प्यायला जाते त्याची टाच नाही पाहिली तरी चालते. लकवा, खुब्याचं फ्रॅक्चर, बेशुद्ध, लघवी कपड्यात होणारे, अंगात मांस नसलेले – असे पाच-सहाच असतात, त्यांचं रोज. बेडसोरचा धोका कोणाला ते ठरवायला ब्रेडन स्केल आहे, १९८७ ची, सहा गोष्टींना मार्क द्यायचे: जाणीव, ओलावा, हालचाल किती, कूस बदलता येते का, खाणं, आणि घासणं-सरकणं. एकूण ६ ते २३, १८ किंवा कमी आले तर धोका. पाठ झालं की एक मिनिट लागते.

लाजेचं म्हणाल तर मी सासूलाच पडदा धरायला लावते. “मावशी, तुम्ही जरा इकडून लुगडं धरा, कोणी यायला नको” म्हटलं की सासू पहारेकरी होते आणि पेशंटलाही धीर येते. एका वेळी एकच भाग उघडायचा, पाहिला की झाकायचा, मग दुसरा. आणि काय पाहून राहिली ते बोलत राहायचं.

---

सीनियर_स्टाफ | बुधवार, दुपारी १.००

सासूची आयडिया घेते मी.

---

पुण्यातला_वऱ्हाडी | बुधवार, रात्री ९.३०

नमस्कार. मी पुण्यात नोकरीला, आईबाबा पुसदजवळच्या गावी. बाबांना चार महिन्यांपूर्वी डाव्या बाजूला लकवा मारला, आई एकटीच पाहते, मी महिन्यातून दोनदा जातो. आत्ता गावीच आहे. सिस्टर तुमची पहिली पोस्ट वाचली आणि उठून बाबांची पाठ पाहिली. माकडहाडावर रुपयाच्या नाण्याएवढा डाग आहे, बाबा सावळे आहेत, डाग जांभळट काळा. दाबलं तर रंग बदलला नाही. बाजूच्यापेक्षा गरम लागतोय. कातडी फाटलेली नाही. आई म्हणते आठ दिवसांपासून असेल, ती रोज तिथं तेल लावून जोरात चोळते आणि हवेची रिंग दिली आहे बसायला. डाव्या टाचेवर पण थोडं मऊ लागतंय. खूप भीती वाटतेय, काय करू?

---

वर्धेकडची_सिस्टर | बुधवार, रात्री ९.५५

भाऊ, कातडी फाटायच्या आधी पाहिलं तुम्ही, ही चांगली गोष्ट आहे. आता लक्ष देऊन वाचा आणि आईलाही वाचून दाखवा.

चोळणं आजपासून बंद. आई मायेनं करत आहेत पण खालचं मांस दबून दुखावलेलं आहे, चोळल्यानं ते आणखी तुटते. हवेची रिंगही काढून टाका, गोल कडेनं दाब पडून मधल्या भागाला रक्त पोहोचत नाही. टाचेखाली पाणी भरलेला हातमोजा ठेवतात बरेच ठिकाणी, तोही नको.

दर दोन तासांनी कूस बदला. पूर्ण एका अंगावर नका झोपवू, नाहीतर खुब्याच्या हाडावर भार येईल, पाठीमागं उशी लावून थोडंसंच कलतं ठेवायचं, आता डावं, मग उजवं. त्या डागावर भार येणारच नाही असं. लकव्याच्या बाजूला जाणीव कमी असते, ते सांगणार नाहीत दुखते म्हणून, त्यामुळे डाव्या कुशीवर कमी वेळ. पिंडरीखाली उशी अशी ठेवा की टाच हवेत राहील, टाच आणि गादीच्या मधून तुमचा तळहात आरपार गेला पाहिजे. वर सरकवताना ओढू नका, दोघांनी चादरीसकट उचला.

लघवी-संडास झाली की लगेच कोमट पाण्यानं धुवून, टिपून कोरडं करा, पुसताना घासायचं नाही, मग व्हॅसलिनचा पातळ हात. पावडर नको, घडीत गोळा होऊन टोचते. खाण्यात वरण घट्ट, अंडं चालत असेल तर अंडं, दूध, चना-मुगाचं काहीतरी, पाणी. साखरेचा आजार असेल तर तो पाहून.

आणि उद्या सकाळीच पीएचसीच्या डॉक्टरांना नाहीतर उपकेंद्राच्या सिस्टरना बोलवून डाग दाखवा. जांभळट आहे आणि आठ दिवसांचा आहे म्हणजे खोलवर दुखावलेलं असू शकते, ते हातानं पाहिल्याशिवाय कळत नाही, मला इथून नाही सांगता येत. डागाच्या कडेनं पेनानं रेघ मारून ठेवा, तारीख लिहा, म्हणजे वाढला का कमी झाला ते कळेल. फोड आला, कातडी निघाली, वास आला, ताप आला तर थांबायचं नाही.

---

संत्रा_मोसंबी | गुरुवार, दुपारी १२.२०

नखांबद्दल फारसं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी बुलडाणा जिल्ह्यातला. डिसेंबर २०२४ – जानेवारी २०२५ मधे शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस अचानक गेले ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. आधी डोक्याला खाज, मग हात फिरवला की पुंजका हातात, तीन-चार दिवसांत टक्कल. कोणी म्हणे शाम्पू, कोणी म्हणे बोअरचं खारं पाणी. पोरींचे जमलेले सोयरे थांबले, लोक त्या गावचं पाणी प्यायला घाबरत होते. आयसीएमआरचं (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचं) पथक आलं. नंतर विंचूदंशावर काम केलेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियम या खनिजाकडे बोट दाखवलं, पेशंटच्या रक्तात, लघवीत, केसांत सेलेनियम जास्त आणि झिंक कमी असं त्यांचं म्हणणं. आणि एप्रिलमधे काही जणांची नखं कमजोर होऊन गळायला लागली. केस जाऊन तीन महिने झाल्यावर नखं का, हे मला आजपर्यंत कोणी समजावून नाही सांगितलं.

---

वर्धेकडची_सिस्टर | गुरुवार, रात्री ८.४०

दादा, मला वाटते ते नखाच्या वाढीत आहे. केस आणि नख एकाच जातीच्या प्रथिनाचे, दोन्ही मुळाशी तयार होतात आणि बाहेर येतात ते मेलेलेच. मुळाला धक्का बसला की केस लगेच सुटतो. पण हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटरच वाढते, मुळाशी बिघडलेला तुकडा पुढं सरकत यायला वेळ लागतो. म्हणून जानेवारीचा मार एप्रिलमधे दिसला असेल. सेलेनियम जास्त झालं की केस आणि नखं दोन्ही जातात हे आधीपासून माहीत आहे, चीनमधे १९६० च्या दशकात एन्शी भागात असंच झालं होतं.

म्हणून मी नखाला डायरी म्हणते. सगळ्या नखांवर एकाच उंचीवर आडवी खोलगट रेघ दिसली तर मुळापासून मोजायचं, ६ मिलिमीटर असेल तर विचारायचं दोन महिन्यांपूर्वी मोठा ताप आला होता का, भरती होता का. बहुतेक वेळा पेशंट चकित होऊन सांगते, हो, तेव्हाच टायफॉईड झाला होता.

वाटीसारखं खोलगट नख, ज्यावर पाण्याचा थेंब टिकून राहते, ते लोह कमी असल्याचं. नखाच्या बुडाशी फुगवटा आला, बोटाचं टोक डमरूसारखं झालं, तर दोन्ही हातांची तीच बोटं नखाला नख लावून धरायची. मधे हिऱ्यासारखी बारीक फट दिसली पाहिजे. फट बंद झाली तर फुप्फुस नाहीतर हृदयाकडे पाहा. ही खूण दक्षिण आफ्रिकेतल्या शॅमरॉथ नावाच्या हृदयरोगतज्ज्ञानं १९७६ मधे स्वतःच्या आजारपणात स्वतःच्या बोटांवर पाहून लिहिली. सावळ्या लोकांच्या दोन-चार नखांवर उभ्या काळ्या रेघा असणं साधं आहे. पण एकाच नखावर, विशेषतः अंगठ्यावर, नवीन रेघ आली, रुंद होत चालली, काळेपणा नखाच्या मुळाच्या कातडीवर उतरला, तर वाट न पाहता दाखवायचं, तो कॅन्सर असू शकते.

केस गळतात म्हणून बाई आली तर आधी विचारते दोन-तीन महिन्यांपूर्वी बाळंतपण, मोठा ताप, ऑपरेशन झालं का, तसं असेल तर बहुतेक परत येतात. गोल गुळगुळीत चट्टा म्हणजे चाई. पोराच्या डोक्यात खवले आणि तुटलेले केस असतील तर नायटा, त्याला गोळ्या लागतात, मलम पुरत नाही. आणि नायट्यावर मेडिकलमधून ते सगळ्यात चालणारं मिक्स मलम आणून लावू नका हो, त्यात स्टेरॉईड असते, चार दिवस खाज जाते आणि मग नायटा अख्ख्या घरात पसरते.

तुमच्या गावांकडचं मला एकच आवडलं की एकाच घरात किती जण, केव्हापासून, पाणी कुठलं, धान्य कुठलं हे विचारलं गेलं. तेही पाहण्याचाच भाग आहे.

---

रिटायर्ड_कुष्ठतंत्रज्ञ | शुक्रवार, सकाळी ७.३०

सगळ्यांना नमस्कार. ३१ वर्षं गावोगाव सायकलनं आणि मग मोटरसायकलनं फिरून कातडीच पाहिली, त्यामुळे राहवलं नाही.

आपल्या भागात कुष्ठरोग संपला असं लोक समजतात. १९३६ मध्ये मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केलं, १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती काढली, अमरावतीला तपोवन झालं, एवढा मोठा वारसा असलेल्या विदर्भात आजही नवीन पेशंट सापडतात. त्यात लहान मुलंही असतात, म्हणून पाहणं थांबवता येत नाही.

फिकट किंवा तांबूस चट्टा, खाजत नाही, दुखत नाही, त्यावर घाम येत नाही, केस विरळ झालेले. शिबं आणि कोड यांच्याशी लोक गल्लत करतात. कोड पूर्ण पांढरं असतं आणि जाणीव शाबूत. शिब्यावर बारीक कोंडा आणि जाणीव शाबूत. कुष्ठाच्या चट्ट्यावर जाणीव कमी होते. आधी डोळे उघडे ठेवून चांगल्या कातडीवर बॉलपेनचं टोक हलकं टेकवून दाखवायचं, मग डोळे मिटायला सांगायचे, टेकवलं तिथं बोट ठेवायला सांगायचं. सुईनं टोचू नका. भुवईची बाहेरची बाजू विरळ झाली का, कानाची पाळी जाड झाली का, हेही पाहा, या प्रकारात चट्टा दिसतही नाही कधी कधी.

आणि उजेड. सिस्टरताईंनी लिहिलं तेच. आम्ही तिरप्या उन्हात पाहायचो, सकाळी किंवा चार नंतर. फिकट चट्टा भर दुपारी समोरून दिसत नाही.

औषध मोफत आहे, सहा महिने किंवा वर्षभर. एका गोळीनं अंग काळं पडतं, ते आधीच सांगा, नाहीतर बायका औषध सोडतात. तो रंग औषध संपल्यावर हळूहळू जातो.

---

जीएनएम_थर्डइयर | शुक्रवार, रात्री १०.३०

मॅडम, आज मी पाच पेशंटचं लिहिलं, आठ नाही जमले. एक आजी होत्या, दमा म्हणून भरती. त्यांच्या बोटांमधे आणि मनगटाला बारीक पुरळ, रात्री जास्त खाजते म्हणाल्या, घरी नातवालाही आहे म्हणे. मी ‘खरूज वाटते, घरात आणखी एकाला’ असं लिहून सिस्टरना दाखवलं. डॉक्टरांनी पर्मेथ्रिन दिलं, मानेपासून पायापर्यंत, घरच्या सगळ्यांना एकाच दिवशी लावायला सांगितलं. आजी १२ दिवसांपासून भरती होत्या आणि कोणी त्यांचे हात नीट पाहिले नव्हते, मला कसंतरीच झालं.

---

वर्धेकडची_सिस्टर | शुक्रवार, रात्री १०.४५

पाच खरे पाहिलेले पुष्कळ झाले बेटा. आजींची चादर, लुगडी गरम पाण्यात धुवून उन्हात टाकायला सांग. आणि बाजूच्या बेडवरच्यांचेही हात पाहून घे.

---

पुण्यातला_वऱ्हाडी | रविवार, संध्याकाळी ६.१०

सिस्टर, अपडेट देतो. गुरुवारी उपकेंद्राच्या सिस्टर आल्या, शुक्रवारी डॉक्टरांनी पाहिलं. सध्या वरवरचंच वाटते म्हणाले, तुम्ही सांगितलं तेच करायला सांगितलं, बुधवारी परत येणार आहेत. मी सुट्टी वाढवली. भिंतीवर कागद लावला आहे, दोन-दोन तासांच्या वेळा, आई आणि मी सही करतो, रात्रीचे १२, २, ४ माझे.

पेनाची रेघ पुसट झाली होती, आज परत मारली. डाग रेघेच्या बाहेर गेलेला नाही. गरमपणा कमी वाटतो. टाच हवेतच ठेवली आहे, मऊपणा तसाच आहे. आईला चोळल्याशिवाय चैन पडत नव्हतं, म्हणून ती आता बाबांच्या उजव्या हाताला तेल लावून देते, त्यांनाही बरं वाटते. आज चार वाजता कूस बदलताना बाबा पहिल्यांदा म्हणाले, इथं आग होते रे. आई म्हणाली बोलले तरी. मी वेळेसमोर लिहून ठेवलं.